मेंदूतले कोतवाल

राजेगाव हे बालाघाट जिल्ह्यातलं, बाघ नदीकाठचं सीमेवरचं गाव. पूल ओलांडला की महाराष्ट्र लागतो, गोंदिया जिल्हा. पोवारी, मराठी आणि हिंदी इथे एकाच ओसरीवर बसतात, आणि दुखणं जवळच्या डॉक्टरला आटोपेना झालं की माणसं भोपाळची वाट धरत नाहीत, गोंदियावरून नागपूर गाठतात. हाताची थरथर सुरू झाली, पाऊल घासत पडायला लागलं, तर आधी बरेच दिवस ‘म्हातारपण आहे’ म्हणून निभतं. मग कुणीतरी मुलगा-जावई नागपूरला नेतो, कागदावर ‘पार्किन्सन्स’ लिहून मिळतं आणि एक गोळी सुरू होते. आपण या दुखण्याला कंपवात म्हणतो. गोळीत असतं लेव्होडोपा.

या गोळीच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा अशाच मुलखातल्या जंगलांत उगवणाऱ्या दोन वनस्पतींमधून गेला आहे. एक सर्पगंधा आणि दुसरी खाजकुइली, जिला बालाघाटकडे केवाच म्हणतात. ती गोष्ट अधूनमधून अभिमानाने सांगितली जाते. तिच्या झगमगाटात दुसरी एक गोष्ट झाकली गेली, ती मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींची, मायक्रोग्लियाची. कंपवातात मेंदूचा कोणता भाग मरतो हे १९१९ साली कळलं. मायक्रोग्लियाही १९१९ सालीच सापडल्या. पण दोन्हींचा संबंध कुणी ठामपणे मांडायला १९८८ उजाडलं. एकोणसत्तर वर्षांचा हा उशीर आळसाने झाला असं म्हणवत नाही. माझ्या मते तो बराचसा यशाने झाला.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली या आजारावर छोटंसं पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्यापुढे सहा रोगी होते, आणि त्यातले काही तर त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले. मेंदू उघडून बघायची संधी त्याला मिळाली नाही. पुढे पॅरिसच्या शार्को यांनी आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं. पण बिघाड नेमका कुठे आहे यावर शंभर वर्षं तर्कच चालले.

ती जागा कॉन्स्टँटिन त्रेत्याकोव्ह या पॅरिसमध्ये शिकणाऱ्या रशियन तरुणाने दाखवली. मध्यमेंदू आडवा कापला की दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टी नुसत्या डोळ्यांना दिसते. तिच्यातल्या चेतापेशींत गडद रंगद्रव्य साठलेलं असतं. या पट्टीला सबस्टँशिया नायग्रा म्हणतात. त्रेत्याकोव्हने कंपवाताच्या नऊ रोग्यांचे मेंदू तपासले. पट्टी फिकी पडलेली, रंगद्रव्याच्या पेशी गळालेल्या, आणि उरलेल्यांपैकी काहींच्या पोटात गोल गोळे. ते गोळे फ्रेडरिक लेवी या जर्मन संशोधकाने १९१२ मध्ये मेंदूच्या इतर भागांत पाहिले होते, म्हणून त्रेत्याकोव्हने त्यांना लेवीचंच नाव देऊन टाकलं. प्रबंध सादर झाला १९१९ साली. बड्या प्राध्यापकांनी तो सहजी मानला नाही. त्रेत्याकोव्ह पुढे ब्राझीलला गेला, तिथून सोव्हिएत रशियात परतला, आणि त्याचं म्हणणं पक्कं व्हायला आणखी दोन दशकं गेली.

त्याच वर्षी माद्रिदमध्ये पिओ देल रिओ-होर्तेगा चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवत बसले होते. त्यांचे गुरू सान्तियागो रामोन इ काहाल हे चेतापेशींच्या अभ्यासातलं सर्वांत मोठं नाव, १९०६ चं नोबेल मिळालेलं. मेंदूत चेतापेशी आहेत, ताऱ्यासारख्या आधारपेशी आहेत आणि याशिवाय एक ‘तिसरा घटक’ आहे, असं काहाल यांनी सांगितलं होतं. होर्तेगांच्या नव्या रंगाने दाखवलं की हा तिसरा घटक म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या पेशी आहेत. त्यातल्या एका जातीला त्यांनी मायक्रोग्लिया म्हटलं. इवलंसं शरीर, त्यातून चहूकडे फुटलेल्या बारीक काटेरी फांद्या. मेंदूला इजा झाली की या पेशी फांद्या आखडून घेतात, फुगतात, जागा सोडून जखमेकडे सरकतात आणि मेलेल्या पेशींचा कचरा गिळतात. त्या मूळच्या मेंदूच्या नाहीत, गर्भावस्थेत बाहेरून आत येतात, असंही होर्तेगांनी मांडलं. या शेवटच्या मुद्द्यावर ९० वर्षं वाद झाला. २०१० साली उंदरांच्या गर्भावरच्या प्रयोगांत त्यांचा उगम पीतक पिशवीतल्या आद्य पेशींत सापडला, आणि बाहेरून येण्यापुरता होर्तेगांचा अंदाज बरोबर निघाला.

गुरूंना शिष्याची ही दुरुस्ती रुचली नाही. १९२० मध्ये होर्तेगांना काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. त्यांचं तंत्र शिकायला कॅनडात पुढे नाव कमावलेले मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड १९२४ मध्ये माद्रिदला येऊन राहिले, ही त्या काळातली मोठीच पावती. पण १९३६ मध्ये स्पेनचं यादवी युद्ध पेटलं आणि होर्तेगा परागंदा झाले. पॅरिस, ऑक्सफर्ड, शेवटी ब्युनोस आयर्स. तिथेच १९४५ मध्ये ते गेले. मायक्रोग्लिया त्यांच्यामागे जवळपास पोरक्या झाल्या. चांदीचा रंग लहरी होता, प्रत्येकाच्या हाताला तो साधत नसे, आणि ज्यांना साधला नाही त्यांच्यातले काही जण अशा पेशी असतात यावरच शंका घेऊ लागले.

त्यात १९४८ साली पीटर मेडावर यांचा सशांवरचा प्रयोग आला. परक्या सशाची कातडी मेंदूत लावली तर शरीर तिच्याविरुद्ध उठत नाही, असं त्यांना दिसलं. ज्या सशांच्या अंगात त्या कातडीविरुद्धचा प्रतिकार आधीच जागा केला होता, त्यांनी ती मेंदूतही नष्ट केली. हा दुसरा भाग लोक सोयीने विसरले. पाठ्यपुस्तकांत उरलं एवढंच की मेंदू हा रोगप्रतिकार यंत्रणेच्या हद्दीबाहेरचा प्रदेश आहे.

आता सर्पगंधेकडे यायला हवं. हिचं मूळ सापाच्या विषावर, तापावर, वेड लागलेल्या माणसाला शांत करायला वैदू-हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. पण जगाने दखल घेतली ती मुंबईमुळे. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर सर्पगंधेची चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये तिचा निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आणला. तीन वर्षांत, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५४ पासून अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते सर्रास दिलं जाऊ लागलं.

आणि तिथे एक विचित्र गोष्ट दिसली. रेसर्पिनवरच्या काही रोग्यांचे चेहरे थिजायला लागले, हात थरथरायला लागले, पावलं घासायला लागली. औषध थांबवलं की सगळं पूर्ववत. हुबेहूब कंपवात, एका मुळीने आणलेला.

स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये हेच सशांवर करून पाहिलं. रेसर्पिन दिलेला ससा कान पाडून, डोळे अर्धवट मिटून, ढकललं तरी न हलता बसून राहतो. त्याला डोपाचं इंजेक्शन दिलं की पंधरा मिनिटांच्या आत कान ताठ, डोळे उघडे, ससा चालता. सर्पगंधेने मेंदूतलं काहीतरी रिकामं केलं होतं आणि डोपाने ते भरलं होतं. ते काहीतरी म्हणजे डोपामिन. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या एरिंगर आणि होर्निकीविच यांनी कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिनचा खडखडाट दाखवला, १९६१ मध्ये त्याच शहरात बिर्कमायर यांनी रोग्यांना लेव्होडोपा टोचलं, १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत दिलं. वर्षानुवर्षं खुर्चीला खिळलेली माणसं उठून चालायला लागली. वैद्यकाच्या इतिहासात असे क्षण फार नाहीत. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

खाजकुइलीचा भाग याला जोडूनच येतो. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की काय होतं हे रानात हिंडलेल्या कुणालाही सांगायला नको. तिच्या बियांत लेव्होडोपा आहे हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखवलं होतं. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७८ मध्ये मुंबईत अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बियांची पूड कंपवाताच्या रोग्यांना देऊन परिणाम नोंदवले. आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, असं यावरून छाती फुगवून म्हणणारे भेटतात. होतं ते झाड आणि झाडाचा अनुभव. डोपामिन माहीत नव्हतं, आणि ते माहीत होण्यात आपल्याच दुसऱ्या झाडाचा हात होता, ही गोष्ट मला जास्त मजेची वाटते.

या यशाने संशोधकांची नजर बांधून टाकली. कंपवात म्हणजे डोपामिनची टंचाई आणि डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचं मरण, एवढं समीकरण पक्कं बसलं. लेव्होडोपा टंचाई भरून काढतं, मरण थांबवत नाही. काही वर्षांनी गोळीचा असर तासातासाला चढतो-उतरतो, अंगाला नको तिथे हिसके बसायला लागतात. पेशी मुळात मरतात कशाने, हा प्रश्न मागेच राहिला होता. मरणाऱ्या पेशीच्या अगदी शेजारी मायक्रोग्लिया उभ्या आहेत हे पॅथॉलॉजिस्टना दिसतही असे. पण मेलेलं उचलायला आलेल्या सफाई कामगारांपलीकडे त्यांना कुणी विचारत नव्हतं.

प्रश्न पुन्हा पेटला तो कॅलिफोर्नियात, १९८२ च्या उन्हाळ्यात. चोरून बनवलेलं कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेली काही तरुण माणसं काही दिवसांत पुतळ्यासारखी थिजली. विल्यम लँगस्टन या मेंदूविकारतज्ज्ञाने छडा लावला: त्या मालात बनवताना चूक होऊन एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं होतं आणि त्याने नेमकी सबस्टँशिया नायग्रा जाळली होती. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यातल्या तिघांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये जे लिहिलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं. विष अंगात गेल्याला ३ ते १६ वर्षं उलटली होती. विष केव्हाच संपलेलं. तरी चेतापेशी अजून मरतच होत्या, आणि त्यांच्याभोवती मायक्रोग्लियांचे घोळके होते. आग लावणारा निघून गेल्यावरही आग चालू होती.

तोवर व्हँकुव्हरहून उत्तराचा एक धागा आलेला होता. पॅट्रिक मॅकगीर हा माणूस कॅनडाकडून १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल खेळलेला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मंत्री राहिलेला, आणि राजकारण आटोपून पुन्हा प्रयोगशाळेत आलेला. कदाचित बाहेर फिरून आल्यामुळेच त्याला शेजारी उभी असलेली पेशी दिसली असेल. १९८८ मध्ये मॅकगीर, त्यांच्या पत्नी एडिथ आणि सहकाऱ्यांनी कंपवाताने मेलेल्यांच्या सबस्टँशिया नायग्रात एचएलए-डीआर ही खूण अंगावर बाळगणाऱ्या मायक्रोग्लिया भरपूर दाखवल्या. ही खूण रोगप्रतिकारक पेशी चवताळून कामाला लागली की दिसते. मेंदू हद्दीबाहेर नव्हता. त्रेत्याकोव्हची पट्टी आणि होर्तेगांच्या पेशी अखेर एका चित्रात आल्या.

योगायोग असा की त्याच १९८८ मध्ये मुंबईच्या पारशी वसाहतींचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास भरुचा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. १४,०१० माणसांत कंपवाताचे ४६ रोगी मिळाले, म्हणजे लाखामागे सव्वातीनशेहून जास्त. वयस्कांचं प्रमाण मोठं असलेल्या समाजातला हा आकडा आहे. तो राजेगावला लावता येत नाही. पण हा आजार युरोपाचा, आपल्याकडे क्वचितचा, हे म्हणणं त्यानंतर कठीण झालं.

मायक्रोग्लिया रोज करतात तरी काय? गावात गस्त घालणारा, परका दिसला की ठाण्यावर वर्दी देणारा एक माणूस असे; बाघ नदीच्या एका बाजूला त्याला कोटवार म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला कोतवाल. या पेशी तशा. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शक रोखून पाहिलं तेव्हा शांत बसलेल्या वाटणाऱ्या मायक्रोग्लियांच्या फांद्या सतत लांबत-आखडत सगळा परिसर चाचपताना दिसल्या. उंदराच्या मेंदूच्या बाह्य थरात दर शंभर पेशींत त्या साधारण ५ असतात, सबस्टँशिया नायग्रात १२. म्हणजे जिथली वस्ती सर्वांत नाजूक, तिथेच कोतवालांची सर्वांत दाटी.

बिघाड असा होतो. चेतापेशीत अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन चुकीचं दुमडून साठतं. त्रेत्याकोव्हने पाहिलेले गोळे मुख्यतः याचेच, हे १९९७ मध्ये उलगडलं. पेशी मेली की ते प्रथिन आणि काळं रंगद्रव्य दोन्ही बाहेर सांडतात. मायक्रोग्लिया ते गिळायला धावतात. इथवर सगळं भल्याचं. पण सांडलेला माल गिळताना त्या स्वतः भडकतात, दाह वाढवणारी रसायनं आणि जळजळीत ऑक्सिजनरेणू सोडतात, आणि शेजारची धडधाकट चेतापेशी त्यात होरपळते. ती मेली की आणखी माल सांडतो. कॅलिफोर्नियातल्या त्या तिघांच्या मेंदूंत १६ वर्षांनीही काय चाललं होतं, याचं सध्याचं सर्वांत पटणारं उत्तर हेच. २०१७ मध्ये आणखी एक पायरी कळली: चिडलेल्या मायक्रोग्लिया ताऱ्यासारख्या आधारपेशींनाही बिघडवतात, आणि मग त्या चेतापेशींना मारू लागतात.

धानाच्या मुलखात याला एक जवळची बाजू आहे. बांध्यांतल्या साचलेल्या पाण्यावर वाढणारे क्युलेक्स डास जपानी मेंदूज्वर पसरवतात. भारतात माणसांतले त्याचे रोगी पहिल्यांदा १९५५ मध्ये वेल्लोरकडे ओळखले गेले. हा विषाणू कधीकधी सबस्टँशिया नायग्रा गाठतो. १९९९ मध्ये लखनौच्या डॉक्टरांनी अशा रोग्यांचं वर्णन केलं: ताप उतरला, जीव वाचला, पण चेहरा थिजलेला आणि हालचाल मंद. हा कंपवात नव्हे, त्याच्यासारखं दिसणारं दुसरं दुखणं. तरी २००७ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटाने दाखवलं की या ज्वरात विषाणूइतकंच मायक्रोग्लियांनी सोडलेल्या रसायनांनीही चेतापेशी मरतात.

मग कोतवालाला आवरलं तर? प्रयत्न झाले आणि बहुतेक फसले. मिनोसायक्लिन हे जुनं प्रतिजैविक उंदरांत मायक्रोग्लियांना शांत करतं; अमेरिकेत २००६ मध्ये कंपवाताच्या रोग्यांवर त्याची चाचणी झाली, पण लांब पल्ल्यात ते रोग्यांना नीट सोसवेना. एनएलवाय०१ हे मधुमेहाच्या औषधातून घडवलेलं रसायन तर मुद्दाम मायक्रोग्लियांसाठीच पुढे आणलेलं. २५५ रोग्यांवरच्या त्याच्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला आणि औषध घेणारे व न घेणारे यांत फरक दिसला नाही. एक अडचण उघड आहे. कचरा उचलणाऱ्या पेशी सरसकट गप्प केल्या तर कचराही तसाच राहतो. दुसरी अडचण वेळेची. हात थरथरायला लागतो तोवर सबस्टँशिया नायग्रातल्या पेशींचा मोठा वाटा गेलेला असतो, आणि चाचण्या सुरू होतात त्यानंतर.

म्हणून आता थरथरीच्या आधीची माणसं शोधली जातात. झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणारे, ओरडणारे, अंथरुणातून पडणारे काही लोक असतात; त्यांच्यातल्या पुष्कळांना पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा त्याचा सख्खा भाऊ शोभेल असा आजार होतो. डेन्मार्कमधल्या आर्हूस विद्यापीठात अशा २० जणांच्या मेंदूचं पेट स्कॅन काढलं आणि निष्कर्ष २०१७ मध्ये छापले. यांच्यापैकी कुणाचाही हात अजून थरथरत नव्हता. सबस्टँशिया नायग्रातल्या मायक्रोग्लिया मात्र निरोगी माणसांपेक्षा जास्त जाग्या सापडल्या. दाह आधी की पेशीचं मरण आधी, हा वाद त्याने मिटला नाही. पण शांत करायचं औषध कुणाला आणि कधी देऊन पाहायचं, याचा पत्ता त्या स्कॅननी बदलला.